रेहानाच्या मापाची फ्रेम

"फ्रेमचा दोष न्हाई, मॅडम. दोष बाईचा हाय," असं म्हणत दत्ताभाऊंनी टेम्पोतून सायकल उतरवली आणि आमच्या वर्कशॉपच्या भिंतीला टेकवून ठेवली.

मी तळेगावच्या एका लहान कारखान्यात ड्रॉइंग आणि फिक्श्चर बघते. आम्ही स्टीलच्या सायकल फ्रेम बनवतो. चाकं, हँडल, सीट, पेडल सगळं काढलं की नळ्यांचा जो सांगाडा उरतो, ती फ्रेम. वेल्डिंग करताना त्या नळ्या ठरलेल्या कोनात घट्ट धरून ठेवणारा साचा, ते फिक्श्चर. नळी एक अंश इकडेतिकडे झाली की सायकल एका बाजूला ओढते आणि गिऱ्हाईक परत येतं. त्याला उत्तर मी द्यायचं असतं. त्यामुळे परत आलेल्या सायकलकडे मी आधी संशयाने बघते, आणि ती आणणाऱ्याकडे नंतर.

दत्ताभाऊ पवनानगरच्या पुढे धरणाच्या काठावर कॅम्पसाइट चालवतात. तंबू, शेकोटी, पिठलं-भाकरी, शनिवार-रविवारची गर्दी. त्यांच्या डोक्यात एक नवीन गोष्ट होती. पाऊस उघडला की पाहुण्यांना सायकलवरून धरणाच्या कडेकडेने गावागावांतून फिरवायचं. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा मुरमाचा. अशा रस्त्यांसाठी ग्रॅव्हल बाइक नावाची सायकल असते. हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र रुंद. डांबरावर ती पळते आणि मुरमावर घसरत नाही. दत्ताभाऊंना ती स्टीलचीच हवी होती. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं: ॲल्युमिनियम मोडलं की भंगारात जातं, स्टील मोडलं तर कामशेतला वेल्डिंग होतं.

आठ फ्रेमची ऑर्डर द्यायच्या आधी त्यांनी दोन नमुने मागितले होते. एक त्यांच्या भाच्यासाठी, ओंकारसाठी, मोठ्या मापाची. दुसरी रेहानासाठी, लहान मापाची. आमच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, गोडाऊनमध्ये पडून असलेल्या एका जुन्या ऑर्डरमधल्या दोन फ्रेम काढून दिल्या. नवीन काही करायला नको, हा त्यामागचा विचार. भिंतीला टेकवलेली सायकल रेहानाची होती.

रेहाना कॅम्पच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिचे वडील कामशेत-पवनानगर शेअर जीप चालवायचे. लहानपणी सुट्टीभर ती त्या जीपमध्ये पुढे बसून हिंडलेली. धरणाभोवतीचा प्रत्येक फाटा तिला माहीत आणि प्रत्येक गावात हाक मारणारं कोणीतरी. पाहुण्यांना सायकलवर नेणारी लीडर तिला करायची, ही कल्पना दत्ताभाऊंचीच. लीडर झाली तर बारा महिन्यांचं काम. नाहीतर स्वयंपाकघर, तेही गर्दीच्या हंगामापुरतं. ती या कामासाठी इतकी उत्सुक होती, की महिनाभर रोज पहाटे सराव करत होती, असं दत्ताभाऊच सांगत होते.

"मग आता काय झालं?" शेठनी विचारलं.

"वळण आलं की पाय मागं घेती. आमच्या गेटच्या वर चढाला डावीकडं एक वळान हाय, तितं थांबतीच. पाठीमागनं आठ पाव्हणे येणार. ती मदीच थांबली तर एकावर एक पडतील. ओंकार बिनधास्त जातो."

"तिचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"ती सोताच म्हणती, वळणावर पाय मागं घ्यावा लागतो. आता मी काय बोलायचं राहिलं?"

शेठना त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही. मलाही नाही. बाई घाबरते, कबूलही करते, विषय संपला. शेठनी सुचवलं की भाच्याला लीडर करा आणि त्याच नमुन्यावर सगळ्या फ्रेम घ्या, लहान-मोठी मापं आम्ही बघतो. दत्ताभाऊ मान हलवत होते, पण त्यांचा चेहरा फार खूश नव्हता. पाहुण्यांमध्ये बायका निम्म्या असतात आणि त्या रेहानाबरोबर मोकळेपणाने बोलतात, हे त्यांनी आधी दोनदा सांगितलं होतं.

परत आलेली फ्रेम मोजल्याशिवाय पुढचं काम घ्यायचं नाही, ही माझी सवय आहे. दोघं चहा घेत होते तेवढ्यात मी सायकल सुटी करून फ्रेम सरफेस टेबलावर चढवली. सरफेस टेबल म्हणजे अगदी सपाट घासलेला लोखंडी ओटा. त्यावर वाकडेपणा लपत नाही. फ्रेम सरळ होती. कोन ड्रॉइंगप्रमाणे होते. वेल्डिंग स्वच्छ होतं. दत्ताभाऊंचं म्हणणं खरं ठरत होतं. फ्रेमला दोष नव्हता.

एक गोष्ट मात्र मला खटकली. एखादा माणूस वळणाला घाबरतो तेव्हा तो उताराच्या वळणाला घाबरतो. तिथे वेग असतो, पडायची भीती असते. चढाच्या वळणावर सायकल चालण्याच्या वेगाने जाते. तिथे घाबरायचं कशाला?

मी शेठना म्हटलं की मला ते वळण बघायचं आहे.

"मॅडम, आपण फ्रेम विकतो. धीर विकत नाही."

"सुट्टीच्या दिवशी जाते."

"मग जा. पेट्रोल मात्र तुमचं."

आमच्याकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारी. मी डिजिटल कोनमापक, टेप आणि ओळंबा पिशवीत भरला तेव्हा नवरा म्हणाला, लोक पवनेला फिरायला जातात, तू बहुतेक तिथलं पाणी मोजायला निघालीस. मी त्याला डबा करून ठेवला होता, त्यामुळे पुढे काही बोलला नाही.

कॅम्पवर पोचले तेव्हा सायकल पुन्हा जोडून तयार होती. रेहाना बाहेर आली. तिशीची, बुटकी, ओढणी कमरेला घट्ट खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट. तिची उंची मी मोजली. एकशे त्रेपन्न सेंटिमीटर. ती माझ्याशी नीट बोलली, पण तिच्या बोलण्यात थोडा कडवटपणा होता. "भाऊंनी तुमाला पण सांगितलं का, मी भित्री हाय म्हणून?" मी म्हटलं, सांगितलं. ती हसली. "मग बघाच."

आधी ती उतारावरून खाली आली. मी कोपऱ्यात उभी होते. ओल्या मुरमावर सायकल थोडी सरकली तरी तिने ती सावरली आणि माझ्यासमोर ब्रेक मारून थांबली. घाबरणारी बाई असं चालवत नाही. मग ओंकार चढाने वर गेला. डावीकडचं वळण त्याने पेडल मारत पार केलं. वर जाऊन त्याने हात उंचावले, जणू काही घाट जिंकला.

मग रेहाना निघाली. वळणापाशी वेग कमी झाला, हँडल डावीकडे फिरलं आणि पेडल थांबलं. सायकल डगमगली. तिने जमिनीवर पाय टेकला.

"बघा," दत्ताभाऊ म्हणाले. "घेतला का न्हाई पाय मागं?"

मी तिच्या चेहऱ्याकडे न बघता पायाकडे बघत होते. उजवा पाय खरोखर मागे गेला होता. पेडल पुढे यायच्या वेळी तिने ते उलटं फिरवून मागे नेलं होतं.

"रेहाना, तू पाय मागे का घेतलास?"

"घ्यावाच लागतो ना ताई. न्हाईतर चाकाला लागतो. मी ह्यांना किती येळा सांगितलं. हे म्हणतात, धीर धर. आता धीर धरून चाक पुढं सरकतंय व्हय?"

दत्ताभाऊंनी तोंडावरून हात फिरवला. महिनाभर ती आपल्या पायाबद्दल बोलत होती आणि सगळे तिच्या मनाबद्दल ऐकत होते. त्यांत तळेगावच्या वर्कशॉपमध्ये बसलेली मीही होते.

खात्री करणं भाग होतं. कॅम्पच्या फळ्यावर त्या दिवशीचा मेनू लिहिलेला होता. तिथला खडू घेऊन मी पुढच्या टायरची मागची बाजू चांगली पांढरी केली आणि रेहानाला सांगितलं, या वेळी पाय मागे घेऊ नकोस, मी बाजूला धरून चालते. वळणावर सायकल गचकन अडली. तिच्या उजव्या बुटाच्या टोकाला पांढरा पट्टा उमटला होता. ओंकारच्या सायकलवर तोच प्रयोग केला. त्याचा बूट कोरा राहिला.

याचं कारण लोकांना सांगताना मला नेहमी थोडा वेळ लागतो, पण ते अवघड नाही. माणूस बुटका असेल तर हात हँडलपर्यंत पोचावेत म्हणून जुन्या पद्धतीत फ्रेमच आखूड करतात. फ्रेम आखूड झाली की पुढचं चाक पेडलच्या जवळ येतं. पण बाजारातल्या तयार सायकलींत चाकाचं माप बहुतेक एकच असतं. माणूस लहान झाला म्हणून चाक लहान होत नाही. मी टेप लावला. पेडलच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंत पाचशे चौसष्ट मिलिमीटर. त्यातून टायरसकट चाकाची त्रिज्या वजा केली की उरतात दोनशे तेरा. पेडलचा दांडा एकशे सत्तर आणि त्यापुढे बुटाचं टोक अंदाजे शंभर. म्हणजे पाय दोनशे सत्तरपर्यंत जाणार आणि जागा दोनशे तेरा. सत्तावन्न मिलिमीटर पाय चाकाच्या हद्दीत. सरळ जाताना ते कळत नाही. हँडल बरंच फिरवावं लागतं अशा संथ वळणावरच ते आडवं येतं.

दत्ताभाऊंनी सगळ्यात सोपा उपाय लगेच सांगितला. तिला ओंकारची मोठी सायकल द्या. आम्ही तेही केलं. सीट पार खाली घेतली तरी रेहानाचे हात हँडलपर्यंत ताणले गेले आणि उतरताना वरची नळी आडवी आली. ती एका बाजूला कलंडली, ओंकारने धरली म्हणून पडली नाही. "ह्याच्यावर बसायचं तर शिडी द्या," ती म्हणाली.

शुक्रवारी मी शेठसमोर नवीन ड्रॉइंग ठेवलं. ग्रॅव्हल बाइकच्या फ्रेमची रचना गेल्या काही वर्षांत बदलली आहे. लोक तिला मॉडर्न जॉमेट्री म्हणतात. यात दोन गोष्टी एकाच वेळी करतात. फ्रेम पुढे लांब करतात आणि स्टेम आखूड करतात. स्टेम म्हणजे फ्रेमच्या नळीपासून हँडलपर्यंतचा छोटा दांडा. एकीकडे वाढवलेलं दुसरीकडे कमी होतं, त्यामुळे हात जवळपास होते तिथेच राहतात. मी फ्रेम तेवीस मिलिमीटरने लांबवली होती आणि स्टेम नव्वदचा साठ केला होता. शिवाय हेड अँगल, म्हणजे हँडलच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन, साडेएकाहत्तरवरून साडेएकोणसत्तर अंशांवर आणला होता. नळी जास्त कलली की पुढचं चाक आणखी पुढे जातं. या दोन्ही बदलांनी चाक पेडलपासून चव्वेचाळीस मिलिमीटर पुढे सरकलं होतं. वरची नळी सीटकडे उतरती केली होती, म्हणजे उतरताना आडवी येणार नाही. चाक एक माप लहान पण टायर रुंद, आणि पेडलचा दांडा एकशे साठचा. हिशेबाने बूट आणि टायर यांच्यात नऊ मिलिमीटर मोकळे राहत होते.

शेठनी ड्रॉइंग हातात घेऊन लांब धरलं.

"बाई लहान, आणि तुम्ही सायकल लांब केलीत?"

"चाक लांब नेलंय. हँडल सात मिलिमीटर जवळ आलंय."

"एका बाईसाठी फिक्श्चर हलवायचं?"

मी म्हटलं की पाहुण्यांमध्ये दीडशे-एकशे पंचावन्न उंचीची माणसं असणारच. दत्ताभाऊ आत्ता आखूड फ्रेम नेतील, पहिल्या महिन्यात कोणीतरी वळणावर पडेल आणि मग आठही फ्रेम आपल्या दारात येतील. त्या वेळी फिक्श्चर हलवावंच लागेल, वर शिव्याही खाव्या लागतील.

शेठ हिशेबी आहेत. त्यांनी अट घातली. एकच फ्रेम, रंग न देता. ती चालली तर पुढे बघू. नाही चालली तर ती भंगारात जाईल आणि बाकीच्या जुन्या ड्रॉइंगप्रमाणे होतील. दत्ताभाऊंना फोन केला तर त्यांचीही अट तयार होती. पहिली बुकिंग आली होती. त्याआधी एकदा चढ दाखवावा. जमलं नाही तर ओंकार पुढे राहील. हे सगळं रेहानाला कळणार होतंच. तिने मला स्वतः फोन केला आणि एवढंच विचारलं की फ्रेम कधी येणार.

फ्रेम घेऊन गेले तेव्हा ती गंजू नये म्हणून तेल लावलेली होती. रेहानाच्या हाताला तेल लागलं, तिने ते ओढणीला पुसलं आणि लगेच पस्तावली. मी चाकं-पेडल जोडली आणि सीट, हँडल तिच्या मापाने बसवलं. दत्ताभाऊ, ओंकार आणि स्वयंपाकघरातल्या दोघी मावशी वळणापाशी जमल्या.

पहिल्या खेपेला ती वळली आणि थेट समोरच्या करवंदाच्या जाळीत गेली.

एक मावशी हळूच म्हणाली, "ही तर आनखी वाईट." बूट चाकाला लागला नव्हता, ते मी बघितलं होतं. पण सायकल वळली नाही, हेही खरं होतं. हेड अँगल कमी केला की हँडल वळवायला थोडी आधी सुरुवात करावी लागते. हे मला कागदावर माहीत होतं. तिला सांगायचं राहिलं होतं. जाळीतून बाहेर येऊन तिने हातातले काटे उपटले. मी तिला सांगितलं की नेहमीपेक्षा हातभर आधी वळायला लाग.

दुसऱ्या खेपेला ती वेळेवर वळली, पण पेडल पुन्हा थांबलं. पाय सवयीने मागे गेला होता. समोर जागा होती तरी. सायकल डगमगली आणि तिने जमिनीवर पाय टेकला. दत्ताभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

ती सायकलवरून उतरली. मग तिने एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. सायकल माझ्या हातात देऊन हँडल डावीकडे पूर्ण फिरवायला लावलं, स्वतः वर बसली, उजवा पाय पुढे नेला आणि वाकून बुटाच्या आणि टायरच्या मधल्या फटीत बोट घातलं. बोट जेमतेम आत गेलं. तिने ते दोनदा तपासलं.

"हाय जागा," ती म्हणाली.

तिसऱ्या खेपेला ती पेडल मारत वळली. वेग कमी होता, पण पेडल एकदाही थांबलं नाही. वळण संपल्यावर ती थांबलीच नाही. चढ चढत वरच्या सपाटीपर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. आम्ही वाट बघत राहिलो. दत्ताभाऊ म्हणाले, "आता गेली कुटं ही?" परत आली तेव्हा घामाघूम होती. वरच्या वाडीत जाऊन कोणाच्या तरी घरी पाणी पिऊन आली होती. आम्हाला पाणी विचारलं नाही म्हणून ओंकारने तिला टोमणा मारला. ती म्हणाली, "तू तर रोज जातोस ना बिनधास्त, जा की घेऊन ये."

दत्ताभाऊंनी सगळ्यांसमोर तिला काही म्हटलं नाही. माझ्याशी बोलताना मात्र त्यांनी बाकीच्या फ्रेमबद्दल विचारताना "रेहाना म्हणेल तशा" असं म्हटलं. मी ते उत्तर म्हणून घेतलं.

आठ फ्रेम आम्ही तीन मापांत केल्या, सगळ्या नवीन ड्रॉइंगप्रमाणे. ओंकारलाही त्याच्या मापाची मिळाली आणि चिखलात ती जुनीपेक्षा सरळ चालते, असं त्याने कबूल केलं. तो आता ग्रुपच्या शेवटी असतो. कोणी मागे राहिलं, पंक्चर झालं तर बघायला. त्याला ते काम आवडत नाही, पण तो ते नीट करतो.

पाऊस उघडल्यावर एका रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको गेलो होतो. रेहानाने सगळ्या पाहुण्यांना गेटपाशी उभं केलं, प्रत्येकाला सायकलवर बसवलं, हँडल फिरवायला लावलं आणि बोट घालून जागा बघितली. एका काकूंना तिने स्वतःच्या मापाची सायकल दिली आणि त्यांची आपण घेतली. माझ्या नवऱ्याची सीट तिने दोनदा वर केली. त्याला ते पटलं नाही, पण बोलायची त्याची हिंमत झाली नाही. मग ती पुढे निघाली आणि आम्ही तिच्या मागे चढ चढलो.

लहान माणसाला आखूड सायकल द्यावी, हे ऐकायला बरोबर वाटतं. आमच्या बाबतीत ते चव्वेचाळीस मिलिमीटरने चूक होतं.